तुम्ही विचारलंत म्हणून: पंचावर ओरडणाऱ्याला दहा मिनिटं बाहेर काढावं का?

कोल्हापुरात शाळांच्या फुटबॉल सामन्यांना शिट्टी वाजवणारी बाई म्हटल्यावर हा प्रश्न मला ठरलेलाच. रात्री जागून प्रीमियर लीग बघणारे माझे जुने विद्यार्थी विचारतात, मैदानाच्या कडेला उभे असलेले पालक विचारतात, पंचांच्या प्रशिक्षणाला आलेली नवी मुलंमुलीही विचारतात. पंचाच्या अंगावर धावून जाणाऱ्या, सतत हुज्जत घालणाऱ्या खेळाडूला थोडा वेळ मैदानाबाहेर बसवावं का?

बसवावं. शाळेच्या सामन्यात बसवावं आणि वर्ल्ड कपमध्येही बसवावं.

आधी आजचा नियम बघा. निर्णयावर हातवारे करत ओरडलं तर पिवळं कार्ड, घाणेरडी शिवी दिली तर लाल. या दोन्हींच्या मध्ये जे घडतं तेच सामन्यात सगळ्यात जास्त घडतं आणि त्यावर आपल्या हातात धड इलाज नाही. विसाव्या मिनिटाला एखादा बचावपटू तोंडाजवळ येऊन ओरडतो, पंच पिवळं कार्ड दाखवतो. त्या संघाचं काय बिघडलं? अकरा होते, अकराच राहिले. थोड्या वेळाने तोच पुन्हा ओरडतो. आता दुसरं पिवळं म्हणजे लाल, म्हणजे पुढचा तासभर तो संघ दहाजणांचा. नुसत्या ओरडण्यापायी अख्खा सामना एका बाजूला झुकवायचा? तिथे भलाभला पंच कचरतो. खेळाडूंना हे पक्कं ठाऊक असतं.

इंग्लंडमध्ये यावर उपाय करून पाहिला गेला. २०१७-१८च्या हंगामात तिथल्या फुटबॉल असोसिएशनने खालच्या पातळीवरच्या ३१ लीगमध्ये ‘सिन बिन’ आणलं. हुज्जत घातली की पंच पिवळं कार्ड दाखवणार आणि दोन्ही हातांनी रेषेबाहेर बोट करणार. खेळाडू दहा मिनिटं बाहेर; सामना नव्वद मिनिटांपेक्षा लहान असेल तर आठ. तेवढा वेळ संघाने एक कमी घेऊन खेळायचं. पुन्हा तेच केलं तर तो खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. बदली खेळाडू शिल्लक असेल तर शिक्षेचा वेळ संपल्यावर तो उतरवता येतो. त्या लीगमध्ये हुज्जतीचं प्रमाण ३८ टक्क्यांनी घटलं. ८४ टक्के पंचांना ही पद्धत चालू राहायला हवी होती. पण मला त्याहून मोलाचा आकडा वाटतो तो खेळाडूंचा. ज्यांना बाहेर बसावं लागणार होतं, त्यांच्यातल्याच ७२ टक्क्यांनी ती हवी असं सांगितलं. २०१९-२० पासून इंग्लंडच्या खालच्या सगळ्या पातळ्यांवर ती लागू झाली.

हे का चालतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या एका शालेय स्पर्धेत आयोजक आणि सगळे क्रीडाशिक्षक यांच्या संमतीने आम्ही हा नियम लावला. पहिल्याच दिवशी ऑफसाइडवरून एक विंगर तणतणत माझ्याकडे निघाला. मी खिशाकडे हात नेण्याआधीच त्याच्या कप्तानाने त्याला जर्सीला धरून मागे ओढलं. “गप की लेका! धा मिनटं आमी काय करायचं?” पिवळ्या कार्डासाठी असा मागे ओढणारा मी सहसा बघत नाही. कार्ड ज्याचं त्याचं असतं, पण बाहेरची दहा मिनिटं उरलेल्या दहाजणांना धावून भरून काढावी लागतात. त्यामुळे रागावलेल्या पोराला आवरायची जबाबदारी एकट्या पंचावर राहत नाही, त्याचे सवंगडीच ती उचलतात. या नियमाच्या बाजूने मला एवढं एकच कारण पुरतं.

आपल्याला हे परकं वाटायचंही कारण नाही. प्रो कबड्डीत पिवळं कार्ड मिळालं की खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसतो आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हॉकीत हिरव्या कार्डाला दोन मिनिटं, पिवळ्याला किमान पाच. रग्बीत दहा. त्या खेळांची मजा त्यामुळे गेली असं कुणी म्हणत नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे. दहाजणांचा संघ ती दहा मिनिटं गोलसमोर भिंत उभी करून, चेंडू लांब भिरकावून काढेल आणि सामना रटाळ होईल. काही संघ हे करतीलही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये हॉकीच्या उपांत्यपूर्व फेरीत, ४ ऑगस्ट २०२४ला, अमित रोहिदासला १७व्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं. तिथून भारत ब्रिटनविरुद्ध दहाजणांनी खेळला, सामना १-१ असा बरोबरीत राखला आणि शूटआउट ४-२ने जिंकला. भारताने जवळजवळ सगळा वेळ बचावच केला, पण तो सामना रटाळ होता असं पाहणाऱ्यांपैकी कुणी म्हणेल का?

मग वरच्या पातळीवर हे का झालं नाही? जवळ येऊन फिसकटलं. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आयएफएबी या मंडळाने नोव्हेंबर २०२३मध्ये वरच्या पातळीवर चाचणी घ्यायला मान्यता दिली. पण त्यात हुज्जतीबरोबर डावपेचाचे फाउलही जोडले, म्हणजे प्रतिहल्ला तोडायला मुद्दाम जर्सी ओढणं वगैरे. फेब्रुवारीत अशा खेळाडूला बाहेर बसवण्यासाठी दाखवायच्या निळ्या कार्डाच्या बातम्या फुटल्या, युरोपभर प्रशिक्षक चिडले आणि २ मार्च २०२४ला स्कॉटलंडमधल्या लॉक लोमंडच्या बैठकीत वरच्या पातळीचा विषय मिटला. फिफाचे अध्यक्ष इन्फान्तिनो निळ्या कार्डाच्या ठाम विरोधात होते. माझ्या मते दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्यामुळेच हे झालं. डावपेचाचा फाउल हा खेळाचा भाग आहे, त्याला फ्री किक आणि पिवळं कार्ड पुरेसं आहे. पंचाच्या तोंडावर ओरडणं हा खेळाचा भाग नाही. नियम फक्त ओरडण्यासाठी, हुज्जतीसाठी मागितला असता तर विरोधाची धार खूपच बोथट झाली असती.

त्याऐवजी आलं ते ‘फक्त कप्तानच बोलेल’. २०२४च्या युरो स्पर्धेत जर्मनीत ते लावलं गेलं आणि पंचाभोवती आठ-आठजणांचं कोंडाळं व्हायचं ते खरंच कमी झालं. मला ते आवडलं, आमच्याकडेही आम्ही ते पाळतो. पण एकटाच येऊन ओरडणाऱ्याचं काय? त्याला पुन्हा पिवळं कार्डच. त्याआधी २००० सालाच्या आसपास फ्री किक दहा यार्ड पुढे नेण्याचा प्रयोगही झाला होता, रग्बीतून उचललेला. २००५मध्ये तो सोडून दिला. फ्री किक गोलच्या फार जवळ गेली की भिंतीवरून चेंडू खाली उतरवणं अवघड होतं, म्हणजे काही वेळा शिक्षेचा फायदा चुकणाऱ्यालाच.

वरच्या पातळीचा आग्रह मी का धरते, तर मुलं तिथूनच शिकतात. मार्च २०२३मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर एफए कपच्या सामन्यात फुलहॅमच्या मित्रोविचने पंच ख्रिस कॅव्हनाला धरून ढकललं. त्याला लाल कार्ड आणि आठ सामन्यांची बंदी मिळाली, पण पोरांनी फोनवर पाहिलं ते फक्त ढकलणं. बंदीची बातमी कुणी पाहत नाही. शिक्षा तिथल्या तिथे, त्याच दृश्यात दिसायला हवी.

आणि खालच्या मैदानांवर पंचाच्या पाठीशी कुणीच नसतं. नेदरलँड्समधल्या अल्मेरे शहरात डिसेंबर २०१२मध्ये रिचर्ड निउवेनहाउझेन आपल्या मुलाच्या क्लबसाठी हौसेने लाइन्समन म्हणून उभे होते. सामना संपल्यावर समोरच्या संघातल्या पोरांनी त्यांना लाथांनी तुडवलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. खेळणाऱ्या किशोरवयीन मुलांना आणि एका बापाला शिक्षा झाली. दहा मिनिटांच्या शिक्षेने ते टळलं असतं असं मी म्हणत नाही. पण पंचावर हात टाकणारं पोर त्याआधी कित्येक सामन्यांत पंचावर ओरडलेलं असतं, आणि दर वेळी खेळ पुढे चालू झालेला असतो.

अडचणी आहेत. आमच्या सामन्यांना चौथा पंच नसतो, त्यामुळे दहा मिनिटं मीच मोजते: खेळ पुन्हा सुरू झाल्यापासून, मनगटावरच्या दुसऱ्या घड्याळात. गोलकीपर बाहेर गेला तर हातमोजे कुणाला द्यायचे हे प्रशिक्षकाने आधीच ठरवलेलं बरं. बाहेरच्या मुलाला त्याच्याच बेंचजवळ, प्रशिक्षकाच्या नजरेखाली बसवायचं, प्रेक्षकांच्या बाजूला कधीच नाही. प्रशिक्षक स्वतः ओरडत असेल तर २०१९पासून त्यालाही कार्ड दाखवता येतं आणि मी दाखवते.

कडेला उभ्या असलेल्या बापापर्यंत मात्र कुठलंच कार्ड पोचत नाही. त्याच्यासाठी मी शिट्टी वाजवून खेळ थांबवते, आयोजकांना बोलावते आणि तो गेटबाहेर जाईपर्यंत चेंडू हातात धरून उभी राहते.