वहीतली रिकामी घरं

जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा वार्षिक आराखडा तज्ज्ञांच्या बैठकीत ठरतो असं बाहेर वाटतं. प्रत्यक्षात तो 'उद्या सकाळपर्यंत पाठवा' असा फोन आल्यावर एक्सेलच्या तक्त्यात ठरतो. कोल्हापूरच्या १२ तालुक्यांपैकी पश्चिमेकडच्या एका डोंगरी तालुक्याचा तक्ता यंदा आला, त्यात स्किझोफ्रेनियावरच्या रिस्पेरिडोन २ मिलिग्रॅम गोळीची मागणी घटलेली होती. शेरा: 'रुग्णसंख्येत घट'. वर कोणी तरी त्यावर समाधानही व्यक्त केलं. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण वर्षभरात असे घटत नसतात, म्हणून तिथल्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन ओपीडीची वही आणि औषधाचं साठा रजिस्टर शेजारी शेजारी उघडून बसलो.

हिशेब कळावा म्हणून गोल आकडे घेतो. वहीत ४५ जण रोज दोन गोळ्यांवर. वर्षात वाटप १२,६०० गोळ्या. सगळीकडे चालणारं सूत्र म्हणजे गेल्या वर्षीचा खप अधिक दहा टक्के, म्हणजे १३,८६०. पण साठा रजिस्टर सांगत होतं की १२ पैकी ५ महिने गोळी शून्य. म्हणजे तो खप ७ महिन्यांचा. १२,६०० भागिले ७, महिन्याला १,८०० आणि वर्षाला २१,६००. सूत्राने मागितलेल्या गोळ्या १९ माणसांनाही पुरल्या नसत्या. तुटवडा पडला की खप कमी दिसतो, खप कमी दिसला की मागणी कमी जाते, आणि पुढच्या वर्षी तुटवडा आधीच येतो. यात कुणी खोटं लिहीत नाही, हेच जास्त त्रासदायक आहे.

रिस्पेरिडोनबरोबर ट्रायहेक्सिफेनिडिलही बघावी लागते. ही स्वस्तातली गोळी, म्हणून यादीत शेवटी आणि कपातीत पहिली. ती नसली की काही जणांचं अंग आखडतं, हात थरथरतात, आणि 'औषधानंच असं झालं' म्हणून घरचे मुख्य गोळीही बंद करतात. बायपोलर आजारावरच्या लिथियमची गत वेगळी. गोळ्यांना पैसे असतात, रक्तातली पातळी तपासायला नसतात. ती पातळी साधारण ०.६ ते १.२ मिलिमोल प्रति लिटरमध्ये राहायला हवी. तपासणीविना लिथियम वाटण्यापेक्षा न वाटलेलं बरं.

आराखड्याच्या पहिल्या पानावर मात्र रुबाब असतो. तिथे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातले मानसिक आजाराचे १०.६ टक्के जिल्ह्याच्या अख्ख्या लोकसंख्येला लावलेले. तो आकडा १८ वर्षांवरच्यांचा, आणि सर्वेक्षण झालेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. त्यातून लाखांत रुग्ण निघतात, आणि शेवटच्या पानावर गोळ्या १९ जणांच्या. दोन्ही पानांवर सही एकाच माणसाची.

मी बेरीज करत असताना एक आई मुलाची चिठ्ठी घेऊन आली. तिच्या मुलाच्या नावापुढची चार घरं रिकामी होती. 'मधे आला नाहीत का?' असं विचारलं. ती म्हणाली, "आलो की साहेब. वडापनं तीन खेपा घातल्या. गोळी न्हाई म्हटल्यावर तुमी काय लिवून घेणार?"

खरंच, काय लिहिणार? वहीत गोळी दिली तर आकडा पडतो. आला नाही तरी घर रिकामं, येऊन हात हलवत गेला तरी रिकामं. मुलगा त्या मधल्या काळात बिघडला होता, रात्र रात्र जागा, शेजाऱ्यांवर संशय. आंबा घाटातून रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात न्यायची वेळ आली होती. वहीच्या लेखी तो अनियमित रुग्ण. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १८ म्हणतं की आवश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत. 'कायम' मोजायला रकाना कुठे आहे?

मागणी २१,६०० करून त्यावर तीन महिन्यांचा राखीव साठा धरला. जूनचं वाटप ६० दिवसांचं केलं, कारण बंधारे पाण्याखाली गेले की नदीपलीकडची माणसं भात लावणी उरकेपर्यंत येत नाहीत. २१,६०० गोळ्या वर्षभर साधारण ३० जणांच्या, ४५ जणांच्या हिशेबाने मात्र ३२,८५० लागतात. मधले १५ जण कुठे गेले हे अजून सुटलेलं नाही. काही शहरातल्या खासगी डॉक्टरकडे असतील, काहींनी औषध सोडलं असेल. आशाताईंकडे यादी दिली आहे.

येऊन परत गेलेल्यांसाठी घरात लाल शाईने 'सा.ना.' लिहायचं ठरवलं, म्हणजे साठा नाही. फार्मासिस्टने हात जोडले: "सर, लाल शाई ऑडिटला दिसते." सध्या पेन्सिलीने लिहितोय.