गुलाबपाणी, कांदा आणि ठेचा

काल मानहाइमहून ऱ्होड्टला गेलो होतो. जर्मनीच्या फाल्ट्स भागातलं हे छोटं गाव, द्राक्षमळ्यांमधून जाणाऱ्या 'जर्मन वाइन रस्त्या'वरचं. तिथल्या एका मळ्यातले ट्रामीनर या द्राक्षाचे वेल जवळजवळ चारशे वर्षांपूर्वीचे आहेत म्हणतात. बुंधे बघून आपल्याकडच्या जुन्या चिंचेची आठवण झाली, इतके पिळवटलेले.

मग अर्थातच गेवुर्त्सट्रामीनर, त्याच कुळातल्या द्राक्षाची वाइन. गेवुर्त्स म्हणजे मसाला, आणि ट्रामीन हे दक्षिण टिरोलमधलं गाव. द्राक्षं गुलाबीसर, वाइन मात्र पांढरी. ग्लास नाकाशी नेला आणि नवरा म्हणाला, "अगं, हे तर गुलाबपाणी!" त्यात लिचीचा वासही होता. पण रीसलिंग या दुसऱ्या पांढऱ्या वाइनसारखी आंबट धार यात नसते, त्यामुळे नुसती पीत बसलं की जरा जड होते. खायला काहीतरी हवंच.

सोबत घेतला त्स्वीबेलकूखन. शब्दशः कांद्याचा केक! (सासूबाईंना फोनवर सांगितलं, त्या बराच वेळ गप्प होत्या.) मऊ, गोडसर कांदा आणि ही वाइन, अप्रतिम. सीमेपलीकडे फ्रान्समधल्या आल्सासमध्ये तिच्याबरोबर मुन्स्टर चीज खातात. त्याच्या वासाबद्दल मी इथे लिहिणार नाही.

उरलेली बाटली घरी आणली. रात्री नारळाच्या रसातली कोलंबी केली होती, आलं जरा जास्त, मिरची बेताची. मस्त जमलं. बाटली हाल्बट्रॉकन होती, म्हणजे किंचित गोड, आणि तो गोडवा तिखट सावरून घेतो. मग नवऱ्याने हौसेने ठेचा काढला. अल्कोहोलने जाळ आणखी भडकला. शेवटी दह्याचं भांडं काढलं.