काचेला चिकटलेला फोटो

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न बहुतेक वेळा असाच असतो: ‘वडिलांचा हा एकच चांगला फोटो आहे, फ्रेमच्या काचेला चिकटलाय. कसा काढू?’

काढू नका. जुन्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि चित्र त्या थरातच असतं. दमट हवेत हा थर मऊ पडतो आणि काचेला टेकला की गोंदासारखा धरून बसतो. चिकटलेली जागा ओल्या डागासारखी गडद दिसते, बाकीचा फोटो फिकट. सुरी घातलीत किंवा हेअर ड्रायर फिरवलात, तर कागद हातात येतो आणि चेहरा काचेवर राहतो. पाण्यात भिजवायचा सल्लाही ऐकू नका. इंकजेट प्रिंट असेल तर शाई पसरते, हाताने रंगवलेला फोटो असेल तर गालांवरचा रंग वाहून जाऊ शकतो.

आधी प्रत काढून घ्या. मागचा पुठ्ठा सोडवा, फ्रेम बाजूला करा, काच आणि फोटो मात्र एकत्रच राहू द्या. काच वरून किंचित ओल्या फडक्याने पुसा. तिच्यावर थेट फवारा मारलात तर पाणी कडेने आत शिरतं. मग ती टेबलावर सपाट ठेवा, कॅमेरा बरोबर वर, काचेला समांतर धरा आणि दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांवर एकेक दिवा लावा. फ्लॅश बंद. काचेत कॅमेऱ्याचंच प्रतिबिंब पडतं, म्हणून काळ्या कागदाला लेन्सपुरतं भोक पाडून तो समोर धरा. कॅमेऱ्याऐवजी स्कॅनर वापरणार असाल, तर पातळ, हलके स्कॅनर बहुधा सीआयएस प्रकारचे असतात. त्यांना काचेच्या जाडीइतकं अंतरही झेपत नाही, चित्र धूसर येतं. आत लेन्स असलेला, जाडसर सीसीडी स्कॅनर मिळाला तर उत्तम, त्याला थोडं अंतर चालतं.

काचेला न चिकटलेला, सुटा फोटो असेल तर स्कॅन करताना पोस्टकार्ड आकाराला ६०० डीपीआय (दर इंचात तितके ठिपके), पासपोर्ट आकाराला १२००. मूळ फाइल टिफ या दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात ठेवा, दुरुस्ती तिच्या प्रतीवर करा. चेहरा आपोआप ‘स्वच्छ’ करणारी अॅप्स वापरताना जपून. जिथे तपशील पुसट असतो तिथे ती अंदाजाने डोळे, दात, त्वचा भरतात. हनुवटीवरचा व्रण नाहीसा होतो, आणि घरच्यांना माणूस ओळखीचा वाटेनासा होतो. त्यापेक्षा डाग असलेला खरा चेहरा मला केव्हाही बरा वाटतो.

भिंतीवर ही नवी प्रत लावा. फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट हवीच, म्हणजे पुन्हा चिकटणार नाही. मूळ फोटो काचेसकट सपाट, अंधारात, घराच्या आतल्या कपाटात ठेवा; माळ्यावर किंवा ओल येणाऱ्या भिंतीला लागून नको. पुढे संवर्धकाकडे, म्हणजे जुने फोटो-कागद दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाकडे, न्यायचा झाला तरी काचेसकटच न्या. सुट्या फोटोंना आम्लमुक्त कागदाची पाकिटं चांगली. पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटं टाळा, आणि लॅमिनेशन तर नकोच, ते परत सोडवता येत नाही. नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फाइल आक्रसते. तीन प्रती असू द्या, त्यातली एक दुसऱ्या घरी.

एवढं सगळं करूनही सगळ्यात आधी हरवतात ती नावं. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेन दाबून लिहिलं की अक्षरं पुढून उमटतात. मागचा कागद प्लास्टिकसारखा गुळगुळीत असेल तर पेन्सिल उठत नाही, तेव्हा पाकिटावर लिहा. फोटोतल्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडे, ओळीने. साल नक्की नसेल तर ‘अंदाजे’. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसासमोर फोटो ठेवून फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा. हे कोण, कुणाचे कोण, हा कोट कधी शिवला, सगळं बोलू द्या. आणि लिहिताना नुसतं ‘आजी’ लिहू नका. पूर्ण नाव लिहा, लग्नाआधीचंही.