तुम्ही विचारलंत म्हणून : एक ‘एल’ की दोन?

अकरावीची फ्रेंचची नवी बॅच सुरू झाली की दिवाळीच्या आत हा प्रश्न येतोच. कधी मुलांकडून, कधी थेट आईचा फोन : ‘‘मॅडम, त्या क्रियापदात कधी एक एल, कधी दोन. पाठ कसं करायचं?’’

ते क्रियापद म्हणजे ‘हाक मारणे’. मूळ रूपाचा उच्चार चक्क आपल्या ‘आपले’सारखा, आणि त्यात एल एकच. ‘मी हाक मारतो’ म्हणजे ‘झापेल’, लिहिताना दोन एल. (इथे ‘कोण झापेल?’ असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच.) ‘आम्ही’ आलं की ‘नूझाप्लों’, पुन्हा एक.

मी म्हणते, पाठ करूच नका. आधी ‘बदल’ म्हणा. ब-दल. आता ‘बदलू’ म्हणा. बद्-लू. ‘द’मधला ‘अ’ कुठे गेला? पुढे स्वर आला नि तो गळाला. समज-समजू, सरक-सरकू, सगळीकडे हेच. आणि हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही. फ्रेंचमध्येही तसंच. ‘झापेल’मध्ये शेवटचा ‘ई’ मुका, त्यामुळे भार मधल्या स्वरावर पडतो आणि तो ठणठणीत ऐकू येतो. ‘आम्ही’चा प्रत्यय मात्र बोलका, भार त्याच्यावर गेला की मधला स्वर जवळजवळ नाहीसा.

आपण दोन्हीकडे ‘बदल’ तसाच लिहितो, कान सांभाळून घेतो. फ्रेंच लोक ते कागदावर दाखवतात. दोन एल लिहिले की शब्द फोडताना पहिला एल मागच्या तुकड्यात राहतो, तिथला ‘ई’ बंदिस्त होतो आणि ‘ए’ वाजतो. एकच एल असेल तर तो पुढच्या तुकड्यात जातो, मागे ‘ई’ उघडा पडतो आणि गळतो. ‘विकत घेणे’ला (‘आश्ते’) मात्र व्यंजन दुप्पट न करता ‘ई’वर तिरकी रेघ देतात : ‘झाशेत’. काम तेच, खूण वेगळी. १९९०च्या शुद्धलेखन-सुधारणेने व्यंजन दुप्पट होणाऱ्या बहुतेक क्रियापदांनाही रेघेची मुभा दिली. ‘हाक मारणे’ आणि ‘फेकणे’ यांची कुटुंबं तेवढी वगळली. कुटुंब म्हणजे, मागे ‘पुन्हा’चा ‘र’ लावून झालेलं ‘राप्ले’, परत फोन करणे, त्यालाही दोन एलच.

मार्क खरे जातात ते दुसरीकडेच, तोंडी परीक्षेत. ‘तो हाक मारतो’ म्हणजे ‘इलापेल’, ‘ते हाक मारतात’ म्हणजे ‘इल्झापेल’. अनेकवचनाची शेवटची तीन अक्षरं मुकी. अख्खा जमाव त्या एका ‘झ’वर उभा. तो खाल्लात की माणूस एकटा पडला.

मागच्या वर्षी एकीने हे सगळं ऐकून वही मिटली आणि कुरकुरली, ‘‘मॅडम, हे मला झेपेल का?’’ मी फळ्याकडे वळले. शब्दाचं स्पेलिंग सांगणे याला फ्रेंचमध्ये ‘एप्ले’ म्हणतात, आणि ‘मी स्पेलिंग सांगते’ म्हणजे ‘झेपेल’. दोन एल घालून लिहिलं, शेजारी रेघ देऊन लिहिलं. दोन्ही बरोबर.