फेस

शनिवार, रात्री अकरा

उरकली एकदाची दगडांची आंघोळ.

खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी मोडणाऱ्या एका ओळखीच्याकडून गेल्या वर्षी 18 किलो दगड उचलून आणले. स्वस्तात मिळाले म्हणून हुरळलो, आणि मग ते इथे न्यू जर्सीच्या गॅरेजमध्ये वर्षभर धूळ खात पडले. खाचाखोचांत वाळलेलं शेवाळ, किड्यांच्या नळ्या, काय नव्हतं! ते घासून निघतं. पण माशांच्या खाण्यातलं फॉस्फेट दगडाच्या वरच्या थरात मुरलेलं असतं. तसेच टाकीत घातले की ते पाण्यात उतरत राहतं आणि शेवाळाचं फावतं. म्हणून तो थरच उतरवायचा.

"उकळून काढ ना, फक्त माझ्या पातेल्यात नको," बायको म्हणाली. कुणाच्याच पातेल्यात नको. अशा दगडांवर बटणांसारखे झोआंथिड, म्हणजे प्रवाळांचे भाऊबंद, चिकटलेले असू शकतात. त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. वाफेबरोबर ते छातीत गेलं की आख्खं घर हॉस्पिटलात.

ब्लीच गेल्या आठवड्यातच झालं होतं. दोन दिवस भिजवले, धुतले, उन्हात खडखडीत वाळवले. आज सकाळी एकेक दगड नाकाशी धरून हुंगला. (शेजारच्यांनी पाहिलं. पाहू देत.) ब्लीचचा अंश राहिला आणि त्याला ॲसिड लागलं, तर क्लोरीन वायू सुटतो.

गॉगल, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, वारा पाठीशी. प्लॅस्टिकच्या टबात आधी 40 लिटर पाणी, मग बारीक धारेनं 4 लिटर म्युरिॲटिक (म्हणजे हायड्रोक्लोरिक) ॲसिड. ॲसिडवर पाणी कधीच ओतायचं नाही. पहिला दगड सोडला आणि टब ईनोच्या ग्लाससारखा फसफसला. तपकिरी फेस काठापर्यंत आला. घाबरून पुढचे दगड एकेक करून सोडले.

आईचा ठाण्याचा न्हाणीघराचा संगमरवरी उंबरठा आठवला. फरशी घासताना ॲसिड सांडलं, असाच चर्र आवाज झाला, आणि तिथली चकाकी कायमची गेली. उंबरठा काय, हा दगड काय, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच.

पाऊण तासानं फेस बसला. मग उरलेलं ॲसिड मारायला खाण्याचा सोडा टाकत राहिलो, फसफस पूर्ण थांबेपर्यंत. दगड काढताना मात्र आधीच एकदा घाई केली होती. ड्राइव्हवेच्या सिमेंटवर चार थेंब पडलेत, चार पांढरे डाग. बायकोला अजून दिसलेले नाहीत.

पुढचा रविवार

दगड वाळले. बाथरूमच्या काट्यावर साडेसोळा किलो. दीड किलो फेस होऊन गेला. आता आरओच्या पाण्यात ठेवलेत, दोन आठवडे तरी. टाकीत गेल्यावर अमोनिया, नायट्राइट सगळं पहिल्यापासून मोजायचं, कारण ते पचवणारे जिवाणूही नाहीत आता.

संध्याकाळी पाना घ्यायला गॅरेजमध्ये गेलो, तर त्यावर तांबूस गंज. शेजारच्या पकडीवरही. उरलेल्या ॲसिडच्या कॅनचं झाकण अर्धवट बसलं होतं, आठ दिवस वाफ सुटत होती. त्याच फळीवर असलेली ब्लीचची बाटली मात्र जागेवर नव्हती. बायकोनं ती शनिवारीच घरात नेऊन ठेवली होती.

डाग तिला दिसले होते.