पाइन टारचा साबण आणि हाताची घाई

फिनलंड-स्वीडनकडे चीडाची मुळे व बुंधे मातीखाली, हवा कोंडून मंद जाळतात आणि त्यातून गळणारा काळपट, चिकट द्रव म्हणजे पाइन टार, जो पूर्वी लाकडी जहाजांना व दोरखंडांना पाण्यापासून वाचवण्यासाठी चोपडला जाई. थंड पद्धतीच्या, म्हणजे तेले व कॉस्टिक सोड्याचे पाणी न शिजवता मिसळून केलेल्या साबणात तो घालताना मुख्य अडचण वासाची नसून वेगाची असते. टारमधील राळेची आम्ले कॉस्टिक सोड्याशी पटकन जुळतात, मिश्रण लगेच घट्ट होऊ लागते आणि इतर साबणाला निवांत ढवळायला मिळणारा वेळ येथे दोन-चार मिनिटांवर येतो. म्हणून मी हातमिक्सर बाजूला ठेवते, तेले व सोड्याचे पाणी दोन्ही ३०-३५ अंशांपर्यंत निवू देते आणि साचा आधीच मांडून ठेवते. टारचे प्रमाण तेलांच्या १० टक्क्यांच्या आसपास पुरते. त्याहून अधिक घालण्याचा हव्यास मला तरी निरर्थक वाटतो.

सोड्याचे माप अंदाजाने घेऊ नये: एक किलो खोबरेलाला सुमारे १८३ ग्रॅम, तर ऑलिव्ह तेलाला सुमारे १३५ ग्रॅम सोडा लागतो, आणि त्यातून ५ टक्के कमी केल्यास साबण त्वचेला सौम्य राहतो. सोडा नेहमी पाण्यात घालावा, पाणी सोड्यावर नव्हे. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे तर मुळीच नको. टार कोमट तेलात आधीच मिसळून घेतला की गुठळ्या राहत नाहीत. वड्या पाडल्यावर चार ते सहा आठवडे वाळवाव्यात. धुराचा वास मात्र कपाटातील सगळ्या कपड्यांना लागतो, तेव्हा त्या वेगळ्या ठेवणेच बरे.