गोळ्या डॉक्टर देतात, मग तुम्ही काय करता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माजी सैनिकांसाठी मानसिक आरोग्याचं सामाजिक काम करते म्हटलं की समोरचा माणूस आधी ‘वा’ म्हणतो आणि मग हळूच विचारतो, ‘पण गोळ्या तर डॉक्टर लिहून देतात. मग तुम्ही नुसतं बोलता का?’

बोलते कमीच. विचारते, मोजते, लिहून घेते आणि उरलेला वेळ कागदांच्या मागे असते. या कामाची मेख एवढीच, की मेजरच्या मनापर्यंत मनाचं नावही न काढता पोचायचं.

मराठवाड्यात फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला गाव ‘मेजर’ म्हणतं. तो शिपाई म्हणून घरी आलेला असो की सुभेदार म्हणून. अग्निपथ योजनेच्या आधी भरती झालेल्या जवानाला १५ वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन बसते, त्यामुळे पस्तिशी-चाळिशीतच तो गावात परत येतो. अंगात जोर असतो, वडील अजून रानात राबत असतात, पोरं दहावीच्या आत-बाहेर. अशा माणसाला ‘कसं वाटतंय?’ असं विचारून काही हाती लागत नाही. उत्तर ठरलेलं: ‘फर्स्ट क्लास, मॅडम.’

हे उत्तर खोटेपणातून येत नाही, ते सवयीचं आहे. फौजेत तब्येतीची प्रतवारी ‘शेप’ या पाच अक्षरांवर होते. एच कानांचं, ए हातापायांचं, पी बाकी शरीराचं, ई डोळ्यांचं आणि सगळ्यात पुढचं एस मनाचं. त्या एसला कॅटेगरी लागली, म्हणजे प्रतवारी खाली आली, की पोस्टिंग, प्रमोशन, हातातलं हत्यार, सगळ्यावर परिणाम. मग माणूस पंधरा-सतरा वर्षं शिकतो काय, तर एस झाकायचं. पेन्शनवर आल्यावर ती सवय गणवेशाबरोबर पेटीत जात नाही.

म्हणून मी झोपेपासून सुरू करते. झोपेची तक्रार करण्यात कमीपणा नाही, ती बीपीसारखी आहे. आणि प्रश्न आकड्याचा विचारायचा. ‘झोप लागते का?’ असं नाही. ‘काल किती वाजता डोळा लागला? कितीदा उठलात?’ फौजी माणूस आकड्याला आकड्यानं उत्तर देतो, ती शिस्त आपल्या कामाची.

मग एक शंभर पानी वही. पान आडवं धरून चार रकाने: आडवे किती वाजता झालात, झोप किती वाजता लागली, कितीदा उठलात, उठून काय केलंत. पाचवा रकाना पत्नीचा, तिला काय दिसलं त्याचा. सलग चौदा रात्री. पहिले तीन रकाने डॉक्टरांसाठी असतात, मी वाचते चौथा. ‘गेट पाहिलं’, ‘मोटर पाहिली’, ‘पाणी प्यालो’. ‘गेट पाहिलं’ हे रोज दोन-दोनदा येत असेल तर हा माणूस घरात नाही, अजून पोस्टवर आहे. ‘पाणी प्यालो’च्या समोर पाचव्या रकान्यात बाईनं ‘वास आला’ लिहिलेलं असतं. दोन्ही अक्षरं शेजारी ठेवून वाचावीत.

पण प्रत्येक जागरण युद्धाचं नसतं, हेही तितकंच खरं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी शेतीची लाईट आळीपाळीनं, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत मेजर दोन वाजता दारं धरायला रानात, पुढच्या पाळीत तीच झोप वेळेवर लागावी ही अपेक्षा. दुसरा बँकेत किंवा कारखान्यावर रात्रपाळीचा गार्ड असतो. घोरताना श्वास अडकणं, शुगर, थायरॉईड, कधीतरी डोक्याला झालेली जुनी इजा, हे सगळं आधी तपासून घ्यायचं. ‘फौजी आहे, म्हणजे पीटीएसडीच’ (जबर धक्क्याच्या प्रसंगानंतर जडणारा मनाचा आजार) असं धरून चालणारे मला ‘काही नाही, नाटकं आहेत’ म्हणणाऱ्यांइतकेच त्रासदायक वाटतात. प्रत्यक्षात नैराश्य आणि दारू यांचीच गाठ जास्त पडते.

पीटीएसडी म्हणायला प्रसंगानंतर महिन्याच्या वर त्रास टिकलेला हवा. तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे किंवा स्वप्नात येणं, त्याची आठवण करून देणाऱ्या जागा-माणसं टाळणं, मन कोमेजणं आणि सतत सावध राहणं, हे सगळं पाहायचं. आपल्या भागात याचा सर्वांत वाईट काळ उन्हाळा. दिवाळीचे फटाके लोकांना समजतात, पण विहिरीचं ब्लास्टिंग कुणाच्या लक्षात येत नाही. शेजारच्या शिवारात दुपारी सुरुंग उडतो आणि मेजर ताटावरून उठून भिंतीला लागतो. उपाय साधा आहे: सुरुंग लावणाऱ्याला आधी फोन करायला सांगायचं. आवाज येणार हे माहीत असलं की अर्धा मार बसत नाही. उरलेल्या अर्ध्यासाठी पाय जमिनीवर घट्ट टेकवून दिसणाऱ्या पाच वस्तू मोठ्यानं मोजायच्या. हे त्रास नसताना घरी रोज दोनदा करून ठेवलं तरच ऐन वेळी आठवतं.

आणि एक, जे बायकांना कुणीच सांगत नाही. स्वप्नात ओरडणाऱ्या माणसाला हलवून उठवू नका. दिवा लावा, पायाच्या बाजूला, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर उभं राहा, नावानं हाक मारा, ‘तुम्ही घरी आहात’ म्हणा. गळा धरला गेल्याच्या बऱ्याच तक्रारी जवळ जाऊन खांद्याला हात लावल्यामुळे झालेल्या असतात.

दारूचं विचारताना ‘किती पिता?’ म्हटलं की ‘दोन पेग’ हेच उत्तर येतं. मी विचारते, ‘बाटली किती दिवस जाते?’ साडेसातशे मिलीच्या बाटलीत साठचे साडेबारा पेग. तीन दिवसांत बाटली संपत असेल तर रोजचे चार झाले, हिशेब त्याच्याच तोंडून निघतो. फौजी कँटीनच्या दारूचा कोटा कधी संपतो आणि त्यानंतर कुठून येते, हा पुढचा प्रश्न. मग दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ चाचणी: चाळीसपैकी ८ गुणांपासून सावध, २० पासून पुढे व्यसन जडल्याची शंका घेऊन डॉक्टरांकडे.

इथं घरच्यांकडून दोन चुका होतात आणि दोन्ही जिवावरच्या. पहिली, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका दिवसात बंद करणं, खोलीत कोंडून. ६ ते २४ तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास भ्रम: भिंतीवर माणसं दिसतात, ताप, घाम, माणूस ओळखत नाही. गाव म्हणतं ‘बाहेरचं झालंय’. ही तातडीची अवस्था आहे, दवाखान्यातच नेण्याची. तिथं बी-वन, म्हणजे थायमिन, ग्लुकोजच्या आधी द्यावं लागतं, म्हणून दारूचं लपवू नका, दारातच सांगा. दुसरी चूक चहात टाकायची पूड. ‘नकळत दारू सोडवा’ म्हणून जे विकतात त्यात काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं. त्यात डायसल्फिराम (दारू सोडवण्याचं औषध) असेल आणि वरून माणूस प्यायला, तर चेहरा लाल, छातीत धडधड, बीपी खाली, आणि जीवही जाऊ शकतो. ते औषध चांगलं आहे, पण घेणाऱ्याला माहीत असताना, तपासण्या करून.

देवऋषीवरून मी भांडत नाही. मंगळवारी तिकडं जा, गोळी मात्र रोज.

गोळ्या बंद का होतात हे पाहणं हेही माझंच काम. नैराश्याच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात होते. म्हणजे त्रास आधी, फायदा नंतर. हे आधी सांगितलं नाही तर पंधराव्या दिवशी पाकीट कपाटात जातं. संसाराला नको असलेला आणखी एक परिणाम असतो, नवरा-बायकोच्या संबंधांवरचा. पुरुष तो कधीच सांगत नाही, सरळ गोळी सोडतो. म्हणून तो मीच आधी सांगते, तो असेल तर औषध बदलता येतं हेही. तिसरं कारण ऐकून हसाल: रंग. माजी सैनिकांच्या पॉलीक्लिनिकमधून या महिन्यात पांढरी गोळी मिळते, पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची गुलाबी, आणि मेजर म्हणतात, ‘ही माझी नाही.’ पाकिटावरचं कंपनीचं नाव सोडून खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचायला शिकवायचं आणि पेनानं ‘सकाळ’, ‘रात्र’ लिहून द्यायचं. एवढं केलं की पुढचा महिना निभतो.

आता जे विचारायला सगळे घाबरतात ते. नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा. मेजर लोक तिथं चटकन शून्यावर खूण करतात. म्हणून तो मी कागदावर सोडत नाही, तोंडी विचारते: ‘मरून जावं असं मनात येतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट छातीवरचा दगड हलतो. हो म्हणाले तर पुढं कसं, कधी, जवळ काय आहे. आपल्याकडे जवळ काय असतं? फवारणीचं औषध, विहीर, दोर, आणि गार्डची नोकरी करणाऱ्याकडे बारा बोअरची बंदूक. बंदूक परवान्यासह पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. फवारणीचं औषध घरातून बाहेर काढून भावकीत कुणाकडे तरी कुलपात, किल्ली तिसऱ्याकडे. लागेल तेवढंच विकत आणायचं, उरलेला डबा गोठ्यात ठेवायचा नाही. ही अडचण वाटते, पण मनाची ती लाट बऱ्याचदा काही मिनिटांची, तासांची असते, आणि डबा हाताशी नसेल तर लाट ओसरते. त्या रात्री एकटं सोडायचं नाही. सरकारच्या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत. फौजेसाठी त्याचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. प्रयत्न झालाच तर केसला भिऊन दवाखाना टाळू नका: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ उलट सिद्ध झालं नाही तर असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरतं, शिक्षा करत नाही.

कागद. इथं माझा सगळ्यात जास्त वेळ जातो आणि इथंच विश्वास जमतो. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड, रिलीज मेडिकल बोर्डाची, म्हणजे फौज सोडतानाच्या तपासणीची, प्रत. ‘स्पर्श’ या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर हयातीचा दाखला राहिला आणि पेन्शन थांबली, की त्या घरात त्या महिन्यात कुठलंही समुपदेशन उपयोगाचं नसतं, आधी दाखला. आजारामुळे अपंगत्व पेन्शन मागायची तर आजार नोकरीमुळे झाला किंवा वाढला हे लागतं आणि साधारण २० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार नोकरीत झाला असं धरावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ च्या धर्मवीर सिंग निकालात सांगितलं. नियम मात्र २०२३ मध्ये बदलले आहेत, त्यामुळे कुठल्या तारखेला बाहेर पडलात ते पाहूनच अर्ज. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाताना प्रत्येक कागदाच्या तीन प्रती न्या, आणि मूळ प्रत कुणाच्याही हाती सोडू नका. पोचपावतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही.

घरातली गोष्ट कागदापेक्षा अवघड. सतरा वर्षं तो सुट्टीवर आलेला पाहुणा होता. बाईनं बँक, शाळा, सासऱ्याचं आजारपण, बांधावरचं भांडण एकटीनं निभावलं. तो परत येतो आणि पहिल्याच आठवड्यात सगळा कारभार हाती घेतो, पोरांना पाच वाजता उठवतो. सहा महिने असं करू नका, सांगते. एकच काम पूर्ण त्याचं, वेळ ठरलेली: ठिबकचं, जनावरांचं, पोरांना शाळेत सोडण्याचं. त्याला ती ‘ड्युटी’ म्हणू दे. रिकामा मेजर आधी पारावर जातो आणि पारावरून ढाब्यावर.

पत्नीशी दहा मिनिटं वेगळं बोलायचंच, ‘वहिनींचं बीपी बघते’ म्हणून आतल्या खोलीत. मारहाण असेल तर ती ताणामुळे आहे म्हणून चालवून घ्यायची नसते. ११२ (पोलीस) आणि १८१ (महिला हेल्पलाईन) हे दोन नंबर तिच्या फोनमध्ये दुसऱ्याच नावानं साठवून द्यायचे.

कुठं न्यायचं? राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, त्यातलं एकही आपल्याकडे नाही. पण ती लागतातच असं नाही. छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत, अंबाजोगाईला, नांदेडला, लातूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी जिल्हा रुग्णालयात असते. ईसीएचएसमधून जायचं तर आधी पॉलीक्लिनिकचं रेफरल, आणि त्यावरची मुदत निघायच्या आधी वाचा. दाखल व्हायचं झालं तर त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम ८६ खाली माणूस स्वतः सही करून होतो. नाहीच ऐकलं आणि धोका असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे त्याच्या वतीनं ठरवायला नेमलेल्या माणसाच्या, अर्जावर कलम ८९ खाली ३० दिवसांपर्यंत.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर पहिल्या भेटीला डिस्चार्ज बुकची झेरॉक्स, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि चौदा नाही तर निदान चार रात्रींची वही आणा. आणि ‘डोक्याच्या डॉक्टरकडे जायचंय’ असं सांगून मेजरांना आणू नका. झोपेचं दाखवायचंय म्हणा. ते खोटंही नाही.